देवपणाची पदवी आणि दुधी भोपळा

दरवर्षी आपण पंधरा ऑगस्टला झेंडावंदन करतो. गावोगावच्या शाळांतून भाषणे होतात, मुलांना खाऊ वाटला जातो आणि फळ्यावर रंगीत खडूने मोठ्या हौसेने तारीख काढली जाते. त्या तारखेतला पंधरा हा आकडा आपला आहे. पण त्यापुढचा शब्द ही एका रोमन सम्राटाची पदवी आहे, आणि तीही राजकीय नव्हे, धार्मिक. इसवी सन पूर्व ८ साली रोमच्या सिनेटने 'सेक्स्टिलिस' नावाच्या महिन्याला ऑगस्टसचे नाव दिले. ऑगस्टसचा जन्म सप्टेंबरातला. मग हाच महिना का निवडला? सिनेटने आपल्या ठरावात जी कारणे दिली, त्यांत एक कारण असे होते की, याच महिन्यात इजिप्त देश रोमन लोकांच्या सत्तेखाली आला. म्हणजे एका प्राचीन देशाचे स्वातंत्र्य गेले म्हणून ज्या महिन्याचे बारसे झाले, त्याच महिन्यात दुसरा एक प्राचीन देश आपले स्वातंत्र्य साजरे करतो! इतिहासाला विनोदबुद्धी नसते असे कोण म्हणेल?

पण हा केवळ विनोद नव्हे. राजे मरतात, राजवाडे पडतात, सैन्ये मातीला मिळतात. पदव्या मात्र जगतात आणि ज्यांचा त्या राजाशी काडीचाही संबंध नाही अशा लोकांच्या तोंडी रुळतात. पदवीत असे काय असते? तलवारीने जे मिळत नाही ते एका पवित्र शब्दाने कसे मिळते? आणि असा शब्द वापरणाऱ्या राजाचे लेखन वाचताना वाचकाने कोणती सावधगिरी बाळगावी? या प्रश्नांचा विचार करण्यासाठी प्राचीन जगातले दोन रोमन लेख मी येथे घेणार आहे. एक खुद्द ऑगस्टसने लिहिलेला, आणि दुसरा त्याच्या मागून चाळीस वर्षांनी त्याच परंपरेची टर उडवणारा. मी लॅटिन जाणत नाही. इंग्रजी भाषांतरांवरून वाचतो. म्हणून शब्दलालित्याविषयी अवाक्षर न काढता, लेखकाने काय सांगितले आणि काय गाळले, एवढ्यापुरतीच माझी टीका मर्यादित ठेवतो. कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला एवढे तरी कळायला हरकत नसावी.

१

ऑगस्टस इसवी सन १४ मध्ये, ऑगस्ट महिन्याच्याच १९ तारखेला वारला. मरताना तो पंचाहत्तर वर्षे पुरी करून शहात्तराव्यात होता. आपण आयुष्यात काय काय केले याचा एक लेख त्याने मागे ठेवला होता, आणि तो पितळी स्तंभांवर कोरून आपल्या समाधीपुढे लावावा अशी त्याची इच्छा होती. त्याप्रमाणे तो लागला. ते रोममधले मूळ स्तंभ पुढे नाहीसे झाले. पण आज तुर्कस्तानची राजधानी असलेल्या अंकारा शहरात रोमा देवी आणि ऑगस्टस यांचे एक देऊळ आहे. त्याच्या भिंतींवर हाच लेख लॅटिनमध्ये आणि ग्रीक भाषांतरासह कोरलेला होता. १५५५ साली सुलतान सुलेमानाच्या भेटीला निघालेल्या युरोपीय वकिलाच्या मंडळींनी तो पाहिला, आणि तेव्हापासून विद्वानांचे लक्ष तिकडे वेधले. थोर जर्मन इतिहासकार मॉमझेन याने तर त्याला शिलालेखांची राणी म्हटले आहे.

लेख आहे अवघ्या पस्तीस परिच्छेदांचा. एका बैठकीत वाचून होतो. भाषा साधी, जवळजवळ हिशेबनिसाची. इतके पैसे वाटले, इतके धान्य दिले, इतके खेळ भरवले, इतकी देवळे दुरुस्त केली. एकाच वर्षात शहरातली ब्याऐंशी देवळे नीट करवली, असे तो सांगतो. लोकांनी उभारलेले आपले सुमारे ऐंशी चांदीचे पुतळे आपण काढून टाकले आणि त्या पैशांतून अपोलोच्या देवळात सोन्याची दाने अर्पण केली, हेही तो सांगतो. वाचता वाचता मन प्रसन्न होते. केवढा हा निरिच्छ माणूस! स्वतःचे पुतळे वितळवतो आणि देवाला सोने वाहतो!

पण लेख दुसऱ्यांदा वाचला की एक गोष्ट खटकू लागते. या माणसाने सारी हयात लढण्यात घालवली. पण त्याच्या आत्मवृत्तात त्याच्या एकाही रोमन शत्रूचे नाव नाही. सीझरचे मारेकरी ब्रूटस आणि कॅशियस हे केवळ 'ज्यांनी माझ्या पित्याचा वध केला ते' होतात. अँटनी कोठे 'एक टोळी' होतो, तर कोठे 'ज्याच्याशी माझे युद्ध झाले तो'. सेक्स्टस पाँपी हा एका थोर सेनापतीचा मुलगा, समुद्रावर वर्षानुवर्षे राज्य करणारा. त्याच्याशी झालेले युद्ध 'समुद्र चाच्यांपासून मुक्त केला' एवढ्या शब्दांत गुंडाळले आहे. क्लिओपात्रा तर नावालाही नाही. आणि इसवी सन पूर्व ४३ मध्ये ऑगस्टस आणि त्याचे दोन सोबती यांनी ठार मारावयाच्या माणसांच्या याद्या लावल्या, ज्यांत सिसरोसारख्या वक्त्याचा बळी गेला, त्या याद्यांविषयी या लेखात चकार शब्द नाही.

कादंबरीकार जाणतो की, पात्राला नाव दिले की त्याला जीव येतो. नाव न देणे म्हणजे त्याला मारण्याचीही तसदी न घेणे. ऑगस्टसने शत्रूंना रणांगणावर एकदा मारले आणि लेखात पुन्हा मारले. यातले प्रत्येक वाक्य पाहिले तर बहुधा खरे आहे. पण ती सारी खरी वाक्ये एकापुढे एक मांडल्यावर जे चित्र उभे राहते ते खरे नाही. खोटे न बोलता दिशाभूल कशी करावी याचा इतका सफाईदार मासला जगाच्या वाङ्मयात थोडाच सापडेल.

२

आता ज्या परिच्छेदासाठी हा सारा खटाटोप, त्याकडे वळू. तो आहे दहावा. विषय आहे 'पाँटिफेक्स मॅक्सिमस' ही पदवी.

रोममध्ये पाँटिफेक्स नावाच्या पुरोहितांचे एक मंडळ होते. या शब्दाचा अर्थ 'पूल बांधणारा' असा व्हारो नावाचा जुना रोमन पंडित देतो. त्या मंडळाचा प्रमुख तो पाँटिफेक्स मॅक्सिमस, म्हणजे थोर पुरोहित. हे पद जन्मभराचे असे. आपल्याकडील पुरोहिताची मूर्ती डोळ्यांपुढे आणू नये. हा मनुष्य सेनापतीही असू शकत असे. स्वतः ज्यूलियस सीझर इसवी सन पूर्व ६३ पासून मरेपर्यंत या पदावर होता आणि त्याच काळात त्याने गॉल देश जिंकला.

या पदाला राजकारणात काय किंमत? एक उदाहरण पुरे आहे. वर्षात अधिक मास केव्हा घालावयाचा हे ठरवणे पाँटिफेक्स मंडळाकडे होते. आता अशी कल्पना करा की, गावच्या नगराध्यक्षांची मुदत संपत आली आहे, पंचांग करणाऱ्या शास्त्रीबुवांना वाटेल तेव्हा अधिक महिना घालण्याचा अधिकार आहे, आणि शास्त्रीबुवा नगराध्यक्षांच्या पक्षाचे आहेत! रोममध्ये नेमके हेच चाले. मित्र अधिकारावर असला की वर्ष लांबवावे, शत्रू असला की आखडावे, अशी या मंडळाविरुद्ध प्राचीनांचीच तक्रार आहे. शेवटी पंचांग आणि ऋतू यांची इतकी फारकत झाली की, इसवी सन पूर्व ४६ चे वर्ष सीझरला ४४५ दिवसांचे करावे लागले, तेव्हा कोठे मेळ बसला. धर्म आणि सत्ता यांची गाठ अशी रोजच्या तारखेत असते. ती देवळाच्या कळसावर शोधायला गेले की सापडत नाही.

सीझरचा खून इसवी सन पूर्व ४४ च्या १५ मार्चला झाला. त्या धामधुमीत हे पद लेपिडसने पटकावले. लेपिडस हा पुढे ऑगस्टस आणि अँटनी यांच्याबरोबर राज्य करणाऱ्या तिघांतला एक झाला. इसवी सन पूर्व ३६ मध्ये त्याचे सैन्य त्याला सोडून ऑगस्टसला मिळाले. ऑगस्टसने त्याची सत्ता काढून घेतली आणि त्याला सर्सीआय या समुद्रकाठच्या गावी पहाऱ्यात ठेवले. सारे काढून घेतले. पण पाँटिफेक्स मॅक्सिमस हे पद काढून घेतले नाही. लेपिडस मरेपर्यंत, म्हणजे आणखी सुमारे चोवीस वर्षे, रोमचा थोर पुरोहित एक नजरकैदी होता.

याविषयी ऑगस्टस काय लिहितो? लोक मला ते पद देऊ करीत होते, ते माझ्या पित्याचे पद होते. पण पदावरचा मनुष्य जिवंत असताना त्याच्या जागी बसणे मी नाकारले. काही वर्षांनी तो मेल्यावर मग मी ते घेतले, आणि माझ्या निवडणुकीला साऱ्या इटलीतून एवढा समुदाय लोटला की, तेवढा रोममध्ये पूर्वी कधी लोटला नव्हता. हा त्याच्या म्हणण्याचा सारांश. लेपिडसचे नाव नाही. उलट यादवीच्या संधीचा फायदा घेऊन त्याने ते पद बळकावले होते, एवढी मेख मात्र न विसरता मारली आहे.

वाचक म्हणेल, यात वावगे काय? नियम पाळला. होय, पाळला. पण त्याच ऑगस्टसने या बंदिवान म्हाताऱ्याला मुद्दाम रोममध्ये आणवून सिनेटच्या सभांना बसवावे, त्याची टवाळी होऊ द्यावी आणि त्याचे मत सर्वांच्या शेवटी विचारावे, असे पुढच्या काळातला इतिहासकार डिओ सांगतो. म्हणजे पदाचा मान अबाधित आणि माणसाची विटंबना चालू! मला या दोन गोष्टींत विसंगती दिसत नाही. पद पवित्र आहे हे ऑगस्टसला जपायचे होते, कारण ते उद्या आपल्याकडे येणार होते. हिसकावून घेतले असते तर ते लुटीच्या मालासारखे झाले असते. वाट पाहून घेतले म्हणून ते प्रसादासारखे झाले. चोवीस वर्षे एखाद्याच्या मरणाची वाट पाहणे याला धर्मनिष्ठा म्हणावे की हिशेब, हे वाचकाने ठरवावे. मला वाटते, दोन्ही होते. आणि तेच अधिक भयंकर आहे.

पद हाती आल्यावर त्याने काय केले तेही पाहण्यासारखे आहे. थोर पुरोहिताने सार्वजनिक वास्तूत राहावे असा दंडक होता. ऑगस्टस तेथे गेला नाही. त्याने आपल्याच घराचा एक भाग सार्वजनिक करून टाकला. तो देवाच्या घरी राहायला गेला नाही, देव त्याच्या घरी राहायला आला! नंतर भविष्ये सांगणाऱ्या पुस्तकांची त्याने झडती घेतली आणि दोन हजारांहून अधिक पुस्तके जाळली, असे चरित्रकार स्युटोनियस लिहितो. फक्त सिबिलची भविष्ये राखली, आणि तीही निवडून निवडून. उरलेली दोन सोनेरी पेट्यांत घालून आपल्या घराशेजारच्या अपोलोच्या मूर्तीखाली ठेवली. उद्या काय होणार हे सांगण्याचा हक्क आता एकाच घरात जमा झाला. हे सैन्याच्या बळावर करता आले असते काय? कदाचित आले असते. पण मग लोकांनी त्याला जुलूम म्हटले असते. पदवीच्या बळावर केले म्हणून त्याचे नाव धर्मशुद्धी झाले.

३

'ऑगस्टस' हा शब्दही असाच. त्याचे जन्मनाव गायस ऑक्टेव्हियस. सीझरने मृत्युपत्राने त्याला दत्तक घेतले. सीझरला सिनेटने देव ठरवल्यावर तो 'देवाचा पुत्र' झाला आणि नाण्यांवर तसे छापू लागला. इसवी सन पूर्व २७ च्या जानेवारीत त्याला नवे नाव देण्याचे ठरले. काहींच्या मते त्याला रोमचा संस्थापक म्हणून 'रोम्युलस' म्हणावे. पण रोम्युलस राजा होता, आणि राजा या शब्दाची रोमन माणसाला शिसारी होती. शेवटी 'ऑगस्टस' ठरले. देवळे, शकुनाने शुद्ध केलेल्या जागा यांना हे विशेषण लावीत. त्याच्या मुळाशी 'वाढवणे' या अर्थाचा धातू आहे. आपल्या संस्कृतातील 'ओजस्' हा शब्द त्याच घराण्यातला. म्हणजे अधिकार काहीच सांगायचा नाही, पण माणसाभोवती तेज मात्र उभे करायचे, असा हा शब्द.

आपल्या लेखाच्या शेवटाजवळ ऑगस्टस याचे मर्म स्वतःच सांगून जातो. त्या वेळेपासून अधिकार माझा माझ्या सहकाऱ्यांपेक्षा जास्त नव्हता, फक्त माझे वजन सर्वांपेक्षा अधिक होते, अशा अर्थाचे त्याचे एक वाक्य आहे. 'वजन' हा आपला मराठी शब्द येथे किती चपखल बसतो पाहा. गावात पाटलाकडे अधिकार असतो, पण एखाद्या वाड्यातल्या अण्णांचे वजन असते. अधिकाराविरुद्ध तक्रार करता येते. वजनाविरुद्ध कोणत्या कचेरीत अर्ज करायचा? कायद्याने दिलेली सत्ता कायद्याने मोजता येते, तिची मुदत संपते, तिच्यावर दुसऱ्याचा नकार चालतो. पवित्र शब्दाने दिलेल्या वजनाला मुदत नाही, माप नाही आणि म्हणून जबाबही नाही. धार्मिक पदवी राजाला सत्ता देत नाही. तिच्यामुळे सत्तेला प्रश्न विचारण्याची सोय नाहीशी होते. माझ्या टीकेचा मथितार्थ एवढाच आहे.

४

येथे मराठी वाचकाला आपल्याकडची आठवण होणे साहजिक आहे. ऑगस्टसच्या दोनशेहून अधिक वर्षे आधी आपल्याकडे एका राजाने दगडांवर आपले मनोगत कोरून ठेवले, आणि त्याचीही पदवी देवाशी जोडलेली होती: 'देवानंपिय', देवांचा लाडका. सोपाऱ्याला १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या ज्या आठव्या लेखाचा तुकडा सापडला, त्याच लेखात एक गंमत आहे. पूर्वीचे राजे शिकारीच्या सहली काढीत, मी धर्मयात्रा काढतो, असे अशोक तेथे सांगतो. या 'पूर्वीच्या राजांना' काही ठिकाणच्या प्रतींत 'राजे' म्हटले आहे, तर काही ठिकाणी चक्क 'देवानंपिय'! म्हणजे ही पदवी त्याची एकट्याची नव्हती. शिकारी राजांचीही तीच होती. अशोकाचे वेगळेपण पदवीत नाही. ते पदवीनंतर येणाऱ्या वाक्यांत आहे.

आणि ती वाक्ये कशी आहेत? तेराव्या लेखात कलिंगच्या युद्धात दीड लाख माणसे धरून नेली, एक लाख मारली गेली आणि त्याच्या कितीतरी पट मेली, असे तो स्वतः मोजून सांगतो, आणि त्याचे आपल्याला दुःख होते म्हणून लिहितो. ऑगस्टसच्या लेखाशेजारी हा लेख ठेवला की दोन माणसांतले अंतर एकदम दिसते. एक देवांचा पुत्र असून आपल्या हातच्या रक्ताविषयी गप्प आहे. दुसरा देवांचा लाडका असून आपल्या हातचे रक्त मोजतो.

पण टीकाकाराने आपल्या माणसालाही सूट देता कामा नये. त्याच तेराव्या लेखात अशोक अरण्यातल्या लोकांना, पश्चात्ताप झाला तरी माझ्या हातात बळ आहे हे विसरू नका, असेही बजावतो. शिवाय ज्या कलिंगात ही कत्तल झाली तेथल्या धौली आणि जौगड येथील खडकांवर हा तेरावा लेख कोरलेलाच नाही. त्याच्या ऐवजी दुसरे लेख आहेत. कबुली साऱ्या देशाला वाचायला दिली, पण ज्यांचे घर जळाले त्यांच्या दारात नाही. गाळण्याची कला केवळ रोमनांचीच नव्हती, हे आपण कबूल केले पाहिजे.

त्या पदवीचे पुढे काय झाले ते तर फारच मौजेचे आहे. राजाचे नाव लोक विसरले. १८३७ साली प्रिन्सेपने ती लिपी उलगडली तेव्हा दगडांवर सर्वत्र 'देवानंपिय' होता. अशोक हे नाव पदवीसकट कोरलेले सापडायला १९१५ साली मस्की येथील लेख मिळावा लागला. आणि या मधल्या काळात संस्कृत पंडितांनी 'देवानांप्रिय' या शब्दाचा अर्थ काय करून ठेवला होता? मूर्ख! भट्टोजी दीक्षितांच्या सिद्धान्तकौमुदीत तो याच अर्थाने येतो. देवांचा लाडका म्हणजे बावळट. पदवी राजाहून दीर्घायुषी असते खरी, पण म्हातारपणी तिचे हाल कोण करील याचा भरवसा नाही.

५

रोममध्ये पदवीचे हे हाल करण्याचे काम एका लेखकाने केले. त्याचे नाव सेनेका.

इसवी सन ५४ च्या ऑक्टोबरात क्लॉडियस बादशहा वारला. त्याला त्याच्या बायकोने विषारी अळंबी खाऊ घातली अशी बोलवा होती. वारल्यावर लगेच सिनेटने त्याला देव ठरवले. गादीवर आला सोळा वर्षांचा नीरो. सेनेका हा नीरोचा शिक्षक. क्लॉडियसने या सेनेकाला एकेकाळी आठ वर्षे कॉर्सिका बेटावर हद्दपार केले होते. त्याने एक लहानसे प्रहसनवजा पुस्तक लिहिले. त्याचे प्रसिद्ध नाव ग्रीक आहे. देवत्वप्राप्तीला ग्रीकमध्ये जो शब्द आहे त्यातला देव काढून तेथे भोपळा बसवला आहे. आपण त्याला 'भोपळत्वप्राप्ती' म्हणू. विद्वान सांगतात की, हा भोपळा म्हणजे आपला तांबडा भोपळा नव्हे, तो अमेरिकेतून फार पुढे आला. हा दुध्याच्या जातीचा. दुधी काय किंवा तांबडा काय, आमच्या शाळेत भोपळा मिळणे याचा जो अर्थ आहे तो रोमनांनाही समजला असता! आणखी मौज अशी की, साऱ्या पुस्तकात भोपळा कोठेही येत नाही. तो फक्त नावात आहे. म्हणजे पदवीसारखाच.

गोष्ट थोडक्यात अशी. क्लॉडियस लंगडत लंगडत स्वर्गाच्या दारी येतो. हा कोण प्राणी आहे हे कोणालाच कळत नाही, म्हणून चौकशीला हर्क्युलिसला पाठवतात. मग देवांची सभा भरते, आणि ती हुबेहूब रोमच्या सिनेटसारखी चालते. कोणी म्हणतो, देवपण आता फारच स्वस्त झाले, यापुढे माणसाला देव करणे बंद करा. आणि मग उठतो कोण? खुद्द ऑगस्टस. तो आता देव आहे. देव झाल्यापासून मी या सभेत तोंड उघडले नव्हते, अशी सुरुवात करून तो विचारतो, मी जमिनीवर आणि समुद्रावर शांतता केली, यादवी मिटवली, ती याचसाठी काय? अंकाराच्या भिंतीवरचा सारा अभिमान येथे नाटकातल्या भाषणासारखा पुन्हा उभा राहतो. मग तो क्लॉडियसने ज्यांना चौकशीशिवाय मारले त्यांची नावे घेतो, कारण ती त्याच्याच वंशातली आहेत. शेवटी क्लॉडियसला स्वर्गातून हाकलतात. वाटेत रोममध्ये त्याला आपलीच प्रेतयात्रा दिसते, लोक आनंदाने चाललेले दिसतात, आणि तेव्हा त्याला उमगते की आपण मेलो आहोत!

हसता हसता एक गोष्ट ध्यानात येते. दगडावरच्या ऑगस्टसने कोणाचेही नाव घेतले नव्हते. सेनेकाच्या कल्पनेतला ऑगस्टस मारलेल्यांची नावे मोठ्याने घेतो. जे सम्राटाच्या आत्मवृत्ताने दडपले ते प्रहसनाने परत आणले. यालाच मी वाङ्मयाचे काम समजतो. पदवीपुढे प्रश्न विचारण्याची जी सोय बंद झाली होती ती हसण्याच्या वाटेने पुन्हा उघडली.

पण येथेच थांबलो तर सेनेकाला फुकटचे गुण दिल्यासारखे होईल. क्लॉडियसच्या अंत्यविधीत नीरोने जे स्तुतिपर भाषण केले तेही सेनेकानेच लिहून दिलेले होते. त्यात मृताच्या दूरदृष्टीचा आणि शहाणपणाचा उल्लेख येताच श्रोत्यांना हसू आवरेना, असे टॅसिटस सांगतो. एकाच हाताने स्तोत्रही लिहिले आणि टवाळीही! शिवाय ज्या पुस्तकात मेलेल्या सम्राटाची अशी फजिती आहे, त्याच पुस्तकात जिवंत नीरोचे सुवर्णयुग आल्याची गोड कवने आहेत. मेलेल्या देवाला हसणे सोपे असते. जिवंत देवापुढे सेनेकाची लेखणीही वाकली. आणि तो नीरो? तो क्लॉडियसची थट्टा ऐकून हसला असेल. पण आपल्या नावामागे 'देव क्लॉडियसचा पुत्र' ही पदवी लावायला विसरला नाही. बाप भोपळा झाला तरी मुलाला वारसा देवाचाच पाहिजे होता. अकरा वर्षांनी, इसवी सन ६५ मध्ये, याच नीरोच्या हुकमाने सेनेकाला आपल्या हाताने आपल्या शिरा कापून घ्याव्या लागल्या.

६

दोन्ही लेख मिटून ठेवल्यावर माझ्या मनात जो विचार राहतो तो राजांविषयी नाही, सिनेटविषयी आहे. ऑगस्टस हे नाव त्याने स्वतः घेतले नाही, सिनेटने दिले. सीझरला देव कोणी केले? सिनेटने. महिन्याचे नाव कोणी बदलले? सिनेटने. सैन्य गेले, खजिना गेला, कायदा करण्याची खरी ताकद गेली; तरी शब्द देण्याचा हक्क त्या म्हाताऱ्यांच्या सभेकडे शेवटपर्यंत राहिला होता. आणि तो हक्क पोकळ नव्हता. टायबीरियसला मरणानंतर देवपण मिळाले नाही, कॅलिग्युलाला मिळाले नाही. इसवी सन १३८ मध्ये हेड्रियनला ते द्यायला सिनेट कां कूं करू लागली, तेव्हा नव्या सम्राटाला तिची मनधरणी करावी लागली. जगाच्या मालकाला म्हाताऱ्यांच्या सभेकडे एका शब्दासाठी हात पसरावा लागत होता, आणि बहुतेक वेळा ते म्हातारे तो शब्द मागण्याच्या आधीच देऊन मोकळे होत!

म्हणून धार्मिक पदव्यांचा दोष एकट्या राजांच्या माथी मारून चालणार नाही. पदवी घेणारा एक असतो. देणारे, छापणारे, उच्चारणारे हजारो असतात, आणि त्यांत लेखक व शिक्षक पहिल्या रांगेत असतात. मुलांना आम्ही 'सम्राट ऑगस्टस' शिकवतो, 'देवानांप्रिय' पाठ करून घेतो. त्या शब्दांच्या मागे लेपिडस आहे, कलिंगातून धरून नेलेली माणसे आहेत, हे सांगायला तास पुरत नाही. असे लेख वाचण्याची एक साधी रीत मी आमच्या वर्गात सांगतो, तीच येथे वाचकांपुढे ठेवतो. पदवीवर बोट ठेवावे, म्हणजे ती झाकली जाईल. आणि मग उरलेले वाक्य वाचावे. कोणी, कोणाला, काय केले? ज्याला केले त्याचे नाव वाक्यात आहे काय? अशोकाची पदवी झाकली तरी तेराव्या लेखात पुष्कळ उरते. ऑगस्टसची झाकली की एक चतुर, मेहनती, थंड डोक्याचा माणूस उरतो, आणि त्याच्या भोवती बरीचशी रिकामी जागा. ती जागा कोणाची होती हे शोधून काढणे, हेच वाचकाचे काम.